गावाचा मोबाईल गट : शेती सल्ल्यासाठी कसा चालवावा?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भात व भाजीपाला उत्पादकांसाठी)



सप्टेंबर महिना संपत आला की शहापूर-मुरबाड भागातील गरवा भात पोटरीत असतो आणि हळवा भात पिकू लागलेला असतो. अशा वेळी एखाद्या सकाळी खाचराच्या मधोमध टोपलीएवढा पिवळट चट्टा दिसतो. पूर्वी अशा वेळी शेतकरी शेजाऱ्याला विचारीत असे किंवा तालुक्याच्या गावी जाऊन कृषी कार्यालय गाठीत असे. आता खिशातला मोबाईल निघतो, चट्ट्याचा फोटो गटावर पडतो आणि पंधरा मिनिटांत पाच उत्तरे येतात. एक म्हणतो करपा आहे, दुसरा म्हणतो युरिया कमी पडला, तिसरा कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या औषधाच्या बाटलीचा फोटो पुढे पाठवितो. शेतकरी त्यांतलेच एक औषध आणून मारतो. चट्टा तपकिरी तुडतुड्यांचा असेल तर करप्याच्या औषधाने तुडतुडे मरत नाहीत. दहा-बारा दिवसांत टोपलीएवढा चट्टा खाचरभर पसरतो आणि हातातोंडाशी आलेले पीक जळाल्यासारखे वाळते.

उत्तर मिळण्यास उशीर झाला म्हणून हे नुकसान होत नाही. ते चुकीचे उत्तर लवकर मिळाल्यामुळे होते. मोबाईल हे अतिशय उपयुक्त साधन आहे, परंतु ते वापरण्याची पद्धत शिकावी लागते. गावाचा मोबाईल गट कसा बांधावा, प्रश्न कसा विचारावा, आलेला सल्ला कसा पारखावा आणि कोणत्या गोष्टी टाळाव्यात, याची माहिती या लेखात दिली आहे.

जुना अनुभव काय सांगतो?

नवे माध्यम शेतीच्या कामी लावण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांमध्ये, ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. गावातील पंधरा-वीस माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. कार्यक्रम संपल्यावर उठून न जाता त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढील कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. प्रयोगाच्या शेवटी केलेल्या पाहणीत असे आढळले की, अशी मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत इतर गावांपेक्षा पुष्कळ अधिक भर पडली होती. हा अनुभव पाहून १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू करण्यात आली.

अलीकडचा अनुभवही असाच आहे. २००६ साली बंगळूर येथे सुरू झालेल्या 'डिजिटल ग्रीन' या उपक्रमात गावच्याच शेतकऱ्यांच्या छोट्या चित्रफिती तयार करून त्या गावच्या बैठकीत दाखविल्या जात. चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारणारा एक माहीतगार माणूस तेथे हजर असे. आपल्यासारखी जमीन आणि आपली बोली असलेला माणूस काम करताना दिसला की लोकांचा विश्वास बसतो, हे तेथे दिसून आले.

या दोन्ही अनुभवांतून एकच बोध मिळतो. माहिती कानावर पडली किंवा डोळ्यांना दिसली एवढ्याने तिचा अवलंब होत नाही. चार माणसे एकत्र बसून तिच्यावर बोलतात, शंका काढतात आणि कोणीतरी ती आपल्या शेतात करून पाहतो, तेव्हा ती गावात रुजते. म्हणून मोबाईल गट हा गावच्या बैठकीला जोड म्हणून असावा. तो बैठकीची जागा घेऊ शकत नाही.

गट कसा बांधावा?

१) गट लहान ठेवावा. एक गाव किंवा लगतचे दोन-तीन पाडे मिळून ४० ते ५० सभासद पुरेत. संपूर्ण तालुक्याच्या मोठ्या गटात डोळखांबचा प्रश्न वासिंदच्या संदेशांखाली दबून जातो. शिवाय डोंगरपायथ्याची वरकस जमीन आणि कालव्याखालील जमीन यांचे प्रश्न वेगवेगळे असतात.

२) गट शेतीपुरताच असावा. सुप्रभात, वाढदिवस, राजकारण व देवादिकांची चित्रे यांसाठी दुसरे गट आहेत. हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि सर्वांना सारखाच लावावा.

३) गटाचे व्यवस्थापक दोन असावेत. एक गावातील वाचता-लिहिता येणारा, शेती करणारा तरुण किंवा तरुणी आणि दुसरा कृषी विभागाचा गावपातळीवरील कर्मचारी. कर्मचाऱ्याची बदली झाली तरी गट बंद पडू नये, म्हणून गावचा व्यवस्थापक आवश्यक आहे.

४) सूचनांचा गट व प्रश्नांचा गट वेगळा ठेवल्यास सोयीचे होते. सूचनांच्या गटात केवळ व्यवस्थापकच संदेश पाठवू शकतील अशी व्यवस्था व्हॉट्सॲपमध्ये आहे. हवामानाचा इशारा, बियाणे आल्याची वार्ता, अर्जाची शेवटची तारीख एवढेच त्यात असावे.

५) घरातील स्त्रियांना सभासद करून घ्यावे. राब भाजण्यापासून आवणी, बेणणी, कापणीपर्यंत निम्म्याहून अधिक काम त्या करतात. रोग-कीड बहुतेक वेळा प्रथम त्यांच्याच नजरेस पडते. परंतु घरात मोबाईल एकच असेल तर तो पुरुषाबरोबर बाहेर जातो. म्हणून महिला बचत गटातील एका मोबाईलवर तरी गटाचे संदेश येतील असे पाहावे.

६) बोलून पाठविलेल्या संदेशास लिहिलेल्या संदेशाइतकेच महत्त्व द्यावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी आपल्या बोलीत बोलून प्रश्न पाठवावा. उत्तर देणाऱ्यानेही बोलूनच द्यावे.

प्रश्न कसा विचारावा?

शास्त्रज्ञ किंवा कृषी अधिकारी फोटो पाहून अंदाज करू शकतो, परंतु एकाच अस्पष्ट फोटोवरून रोग ओळखणे त्यालाही शक्य नसते. डॉक्टरकडे जाताना आपण ताप केव्हापासून आला, काय खाल्ले हे सांगतो, तसेच पिकाचेही सांगावे लागते.

फोटो चार काढावेत.

पहिला, बांधावर उभे राहून संपूर्ण खाचराचा. चट्टे ठिकठिकाणी आहेत, बांधालगत आहेत की सर्वत्र सारखे आहेत, हे त्यावरून कळते.

दुसरा, मुळांसह उपटलेल्या एका रोगट चुडाचा. शेजारी एक निरोगी चूड ठेवावा म्हणजे फरक दिसतो.

तिसरा, रोगट पानाचा जवळून. पान पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी एखादे नाणे ठेवावे म्हणजे ठिपक्याचा आकार समजतो. पानाची दोन्ही बाजू दाखवावी.

चौथा, चुडाच्या बुंध्याचा, पाण्याच्या पातळीजवळचा. तुडतुडे तेथेच असतात आणि वरून काढलेल्या फोटोत ते कधीच दिसत नाहीत.

फोटो सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, सूर्य पाठीमागे ठेवून काढावेत. भिंगावरचा घाम व चिखल आधी पुसून घ्यावा.

फोटोबरोबर पुढील माहिती द्यावी : गाव व पाडा, भाताचा वाण, पेरणीची व आवणीची तारीख, दिलेली खते व त्यांची तारीख, आधी केलेली फवारणी व औषधाचे नाव, खाचरात पाणी किती आहे, आणि लक्षण प्रथम केव्हा दिसले. ही माहिती बोलून सांगण्यास एक मिनिटही लागत नाही.

पाठविण्यापूर्वी स्वतः काय पाहावे?

पिवळेपणा अनेक कारणांनी येतो. पुढील खुणा शेतातच तपासल्यास अर्धे निदान तेथेच होते.

तपकिरी तुडतुडे : चुडाचा बुंधा हाताने हलवून पाहावा. बारीक, तपकिरी कीटक तिरपे चालताना किंवा पाण्यावर पडताना दिसतात. झाडे गोलाकार चट्ट्यात पिवळी पडून वाळतात. दाट आवणी, नत्राची अधिक मात्रा व सतत साचलेले पाणी असेल तर प्रादुर्भाव वाढतो. दर चुडास ५ ते १० तुडतुडे आढळल्यास ताबडतोब कळवावे. दरम्यान खाचरातील पाणी काढून टाकावे व नत्र देणे थांबवावे.

कडा करपा : पानाच्या टोकापासून व कडेने नागमोडी पिवळा पट्टा खाली सरकतो व पान पेंढ्यासारखे वाळते. हा रोग जिवाणूंमुळे होतो. रोगट पानाचा ताजा तुकडा कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धार पाण्यात उतरल्यास कडा करपा समजावा. बुरशीनाशकाचा यावर उपयोग होत नाही. पाण्याचा निचरा करावा आणि नत्राचा पुढील हप्ता लांबवावा.

करपा : पानावर दोन्ही टोकांना निमुळते, डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात. त्यांचा मध्य राखाडी व कडा तपकिरी असतात. हा बुरशीजन्य रोग आहे.

खोडकिडा : मधला पोंगा वाळतो व ओढल्यास सहज निघून येतो. निसवल्यानंतर लोंबी पांढरी व पोचट राहते.

नत्राची कमतरता : जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात. संपूर्ण खाचर सारखेच फिकट दिसते, चट्टे नसतात.

भेंडीच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. पानाच्या शिरा पिवळ्या पडणारा हळद्या रोग विषाणूंमुळे होतो व पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. त्यावर बुरशीनाशक मारून पैसे वाया जातात. रोगट झाडे सुरुवातीसच उपटून नष्ट करावीत आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा.

आलेला सल्ला कसा पारखावा?

गटावर आलेल्या प्रत्येक संदेशास पुढील चार प्रश्न विचारावेत.

१) हे कोणी सांगितले? संदेशात संस्थेचे किंवा अधिकाऱ्याचे नाव असले म्हणजे तो त्यांनीच पाठविला असे होत नाही. नाव नसलेला संदेश सल्ला मानू नये.

२) केव्हा सांगितले? गेल्या पावसाळ्यातील पुराची चित्रफीत यंदाची म्हणून फिरते. तारीख नसेल तर तो संदेश हवामानाच्या कामाचा नाही.

३) कोणत्या भागासाठी सांगितले? विदर्भातील कापसाचा किंवा पश्चिम महाराष्ट्रातील उसाचा सल्ला आपल्या मुरमाड जमिनीला व मुसळधार पावसाला लागू पडेलच असे नाही.

४) सांगणारा काही विकतो आहे काय? संदेशाच्या शेवटी औषधाचे दुकान किंवा पैसे भरण्याची खूण असेल तर तो सल्ला नसून जाहिरात आहे.

व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण येते. ती दिसल्यास दुप्पट सावध राहावे. अफवेची किंमत किती मोठी असू शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा आणली. परंतु खरी मर्यादा आपल्या बोटावर असावी लागते. खात्री नसलेला संदेश पुढे पाठवू नये.

चित्रफितींबाबतही विवेक ठेवावा. पाच मिनिटांच्या चित्रफितीत यश दिसते, अडचणी दिसत नाहीत. उदाहरणार्थ, शेजारच्या कर्जत तालुक्यातील नेरळ येथे विकसित झालेल्या सगुणा राईस तंत्रात नांगरणी, चिखलणी व आवणी न करता गादीवाफ्यावर भात टोकतात. चित्रफितीत टोकणी सोपी दिसते. परंतु पहिल्या वर्षी तणांचा बंदोबस्त वेळेवर झाला नाही तर पीक तणात हरवते. म्हणून नवी पद्धत प्रथम एक-दोन गुंठ्यांवर करून पाहावी, आणि ज्याने ती केली आहे त्याच्या शेतावर स्वतः जाऊन यावे.

औषधांबाबत विशेष दक्षता

या लेखात कोणत्याही औषधाचे नाव व मात्रा मुद्दाम दिलेली नाही. शिफारशी बदलतात, काही औषधांवर बंदी येते, परंतु मोबाईलमधील जुना संदेश तसाच फिरत राहतो. गटावरही हाच नियम ठेवावा. औषधाचे नाव व मात्रा फक्त कृषी विभागाचा किंवा विद्यापीठाचा जबाबदार माणूसच देईल, आणि तीही त्या शेताचा फोटो व माहिती पाहिल्यानंतरच.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधे एकत्र मिसळणे व अंगावर संरक्षक कपडे नसणे या गोष्टी त्या वेळी प्रकर्षाने पुढे आल्या. म्हणून कोणाच्याही सांगण्यावरून औषधांची मिश्रणे करू नयेत.

बाटलीवरील त्रिकोण पाहण्याची सवय लावावी. लाल त्रिकोण म्हणजे अतिशय विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. फवारणीपूर्वी बाटलीवरील चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा. विषबाधा झालीच तर डॉक्टरांना तो दाखविल्यास उपचार लवकर सुरू होतात. भेंडीची तोडणी एक दिवसाआड होते. त्यामुळे फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे चिठ्ठीवर वाचूनच औषध निवडावे. तो काळ न पाळल्यास औषधाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो आणि परदेशी पाठविलेला माल नाकारला जातो.

हवामानाचा इशारा

ऑक्टोबरमध्ये कापलेला भात दोन-तीन दिवस खाचरात वाळत असतो. त्याच वेळी दुपारनंतर मेघगर्जनेसह सरी येतात. एका सरीने दाण्याला मोड येऊन वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते. भारतीय हवामान खात्याचे इशारे रंगांत दिले जातात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा.

'मेघदूत' या मोफत ॲपवर जिल्ह्याचा अंदाज व शेतीचा सल्ला मराठीतून मिळतो. हा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. 'दामिनी' हे ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याची शक्यता कळविते. गटाच्या व्यवस्थापकाने या दोन दिवशी सल्ला वाचून त्यातील आपल्या गावापुरते दोन-तीन मुद्दे सोप्या भाषेत बोलून पाठवावेत. नारिंगी इशारा असल्यास त्या दिवशी कापणी करू नये. कापलेला भात असेल तर गोळा करून उंचवट्यावर रचावा व ताडपत्रीने झाकावा. विजांचा कडकडाट सुरू झाल्यास खाचरात किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये.

विक्रीसाठी उपयोग आणि फसवणूक

२०१२ साली सांगली जिल्ह्यातील हळद उत्पादकांनी भाव कोसळल्यावर फेसबुकवरून एकमेकांशी संपर्क साधला आणि लिलावात माल न नेण्याचे ठरविले. एकट्या शेतकऱ्याला जे शक्य नव्हते ते एकत्र आल्याने शक्य झाले. आपल्याकडे भेंडी, काकडी पिकविणाऱ्यांनी कल्याण व वाशीच्या बाजारातील दिवसाचा भाव गटावर टाकावा, एकत्र गाडी ठरवावी आणि भाडे वाटून घ्यावे. वाल, नाचणी, वरी यांसारखा माल शहरातील ओळखीच्या ग्राहकांना थेट विकतानाही गटाचा उपयोग होतो. वजन, दर, पोहोचविण्याची तारीख स्पष्ट लिहावी आणि दिलेला शब्द पाळावा.

मात्र पुढील तीन गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात.

१) पैसे मिळण्यासाठी चौकोनी कोड स्कॅन करावा लागत नाही व गुप्त क्रमांकही टाकावा लागत नाही. खरेदीदार तसे सांगत असेल तर तो फसवीत आहे.

२) पीएम किसान किंवा इतर योजनेच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडू नये. अशा फायलींतून बँकेचे खाते रिकामे होते.

३) फसवणूक झाल्यास लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाचण्याची शक्यता अधिक.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांचे काय?

माळशेजच्या पायथ्याचे व शहापूरच्या पूर्वेकडील डोंगरातील काही पाड्यांवर मोबाईलला धड संपर्क मिळत नाही. अनेक घरांत साधाच फोन आहे. या घरांना वगळून चालविलेला गट गावचा गट म्हणता येणार नाही.

यासाठी एक नोंदवही व एक फळा पुरेसा आहे. गटावर आलेला प्रश्न व जबाबदार माणसाने दिलेले उत्तर तारखेसह वहीत लिहावे. महत्त्वाचा इशारा ग्रामपंचायतीजवळ किंवा रेशन दुकानाजवळच्या फळ्यावर खडूने लिहावा. आठवडी बाजाराला येणाऱ्या पाड्यावरील माणसांना तो वाचून दाखवावा. संपर्क नसलेल्या पाड्यावरून एकाने आठवड्यातून एकदा फोटो घेऊन बाजाराच्या गावी यावे, तेथून ते पाठवावेत व उत्तरे घेऊन परत जावे. साध्या फोनवरून किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत मोफत विचारता येते. २००४ पासून ही सोय चालू आहे व मराठीतून उत्तर मिळते.

दिवाळीनंतर अनेक कातकरी व ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात. त्यांच्यापैकी एकाचा क्रमांक गटात असल्यास बियाणे व योजनांच्या अर्जांच्या तारखा त्यांना भट्टीवरही कळतात. नाहीतर ती माणसे गावी परततात तेव्हा मुदत संपलेली असते.

वर्षभराचे काम

मे : मिठाच्या पाण्याची बीजप्रक्रिया दाखविणारी चित्रफीत गावातच तयार करावी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे. तरंगणारे पोचट बी काढून टाकावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

जुलै : नियंत्रित आवणीचे प्रात्यक्षिक एका खाचरात घेऊन त्याचे फोटो टाकावेत. आलटून पालटून १५ व २५ सें.मी. अंतरावर आवणी करून, जवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचावी.

ऑगस्ट-सप्टेंबर : दर आठवड्यास पाच शेतकऱ्यांनी प्रत्येकी २० चुडांचे बुंधे तपासून तुडतुडे किती आढळले ते कळवावे. ई-पीक पाहणीच्या नोंदीची आठवण सर्वांना करून द्यावी. ही नोंद २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची सोय झाली आहे.

ऑक्टोबर : कापणीच्या काळात हवामानाचा इशारा दररोज द्यावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : खाचरातील ओलीवर वाल, हरभरा यांची पेरणी. भेंडी व काकडीचे बाजारभाव.

आणि महिन्यातून एकदा, मोबाईल बाजूला ठेवून, एखाद्या खळ्यावर किंवा देवळाच्या पायरीवर सर्वांनी एकत्र बसावे. वहीतील नोंदी वाचाव्यात. कोणता सल्ला कामी आला, कोणता चुकला, हे मोकळेपणाने बोलावे. चुकलेला सल्लाही वहीत लिहावा. पुढच्या वर्षी तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या शेताला लागून कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र व दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ मोबाईलमुळे आले आहे असे म्हणता येईल. परंतु शास्त्रज्ञाच्या डोळ्याला तुमच्या डोळ्याची जोड लागते. आज संध्याकाळी घरी परतण्यापूर्वी खाचरात उतरा, चार चुडांचे बुंधे हलवून पाहा, आणि जे दिसेल ते नीट फोटो काढून, नीट सांगून पाठवा. वेळेवर विचारलेला नेमका प्रश्न तुमच्या भाताच्या कणगीत नक्कीच भर घालील.